नव्या डिजिटल कॅमेऱ्यांतील प्रतिमा संवेदक आणि उष्णता: दोष कोणता, मर्यादा कोणती?

ऑक्टोबर २००५ मध्ये जपानमधील अनेक नामांकित कॅमेरा कंपन्यांनी एकापाठोपाठ एक निवेदने प्रसिद्ध करून आपल्या काही डिजिटल कॅमेऱ्यांची मोफत दुरुस्ती करून देण्याची घोषणा केली. उष्ण व दमट हवामानात या कॅमेऱ्यांतील प्रतिमा संवेदक, म्हणजेच इमेज सेन्सर, निकामी होत असल्याचे आढळून आले होते. त्यानंतर १५ वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, कॅनन कंपनीचा ईओएस आर५ हा कॅमेरा जाहीर झाला आणि काही दिवसांतच तो चित्रीकरण करताना तापून थांबतो, या विषयावर जगभर चर्चा सुरू झाली. दोन्ही घटनांच्या मुळाशी उष्णताच होती. तथापि पहिल्या घटनेत कॅमेऱ्याचा भाग कायमचा बिघडत होता, तर दुसऱ्या घटनेत बिघाड होऊ नये म्हणून कॅमेरा स्वतःच काम थांबवत होता.

हा फरक ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कॅमेरा घेतल्यानंतर चित्रात रंगीत ठिपके दिसू लागले, चित्रीकरण मध्येच बंद पडले किंवा पडदा काळा झाला, तर या तिन्ही तक्रारींचे वर्णन सामान्यतः 'सेन्सर गरम होतो' या एकाच वाक्यात केले जाते. प्रत्यक्षात हे तीन वेगळे प्रकार असून प्रत्येकाचे कारण, उपाय आणि खर्चाची जबाबदारी वेगळी आहे.

संवेदक आणि उष्णतेचा संबंध

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची एक पातळ चकती असते. तिच्यावर कोट्यवधी सूक्ष्म प्रकाशग्राही घटक रचलेले असतात. अशा घटकांना पिक्सेल म्हणतात. प्रकाशकण सिलिकॉनवर पडला की त्यातील इलेक्ट्रॉन मुक्त होतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये साठलेले इलेक्ट्रॉन मोजले जातात आणि त्या मोजणीतून चित्र तयार होते. या तंत्राची पायाभरणी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी केली. त्यांनी विकसित केलेल्या सीसीडी या संवेदकाबद्दल त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी म्हणून गौरविण्यात आले. कालांतराने बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीची जागा सीमॉस प्रकारच्या संवेदकांनी घेतली.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मुक्त होण्यासाठी सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कणात ती सहज असते. परंतु ही ऊर्जा उष्णतेतूनही मिळू शकते. सामान्य तापमानाला अणूंच्या कंपनांची सरासरी ऊर्जा यापेक्षा पुष्कळ कमी असली, तरी काही थोडे इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे मुक्त होतच असतात. प्रकाशामुळे सुटलेला इलेक्ट्रॉन कोणता आणि उष्णतेमुळे सुटलेला कोणता, हे पिक्सेलला ओळखता येत नाही. भिंगावर झाकण असतानाही साठणाऱ्या या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहास अंधारप्रवाह, इंग्रजी परिभाषेत डार्क करंट, असे म्हणतात.

पहिला प्रकार: चित्रातील ठिपके व दाणेदारपणा

तापमान सुमारे ६ ते ८ अंश सेल्सिअसने वाढले की सिलिकॉन संवेदकातील अंधारप्रवाह साधारणतः दुप्पट होतो. ७ अंशांना दुप्पट हे प्रमाण धरल्यास २५ अंशांवर असलेला संवेदक ४६ अंशांवर पोहोचेपर्यंत अंधारप्रवाह आठपट होतो. कॅमेऱ्याच्या आतील तापमान बाहेरील हवेपेक्षा जास्त असते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

सर्व पिक्सेल तंतोतंत सारखे नसतात. निर्मितीच्या वेळी राहिलेल्या सूक्ष्म त्रुटींमुळे काही पिक्सेलांत अंधारप्रवाह इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. अशा पिक्सेलांना हॉट पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी बसविलेली असल्याने अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ते त्या त्या रंगाच्या तेजस्वी ठिपक्यांसारखे दिसतात. शटर जितका अधिक वेळ उघडे, तितके हे ठिपके अधिक. दिवसाच्या उजेडात एक शतांश सेकंदात घेतलेल्या छायाचित्रात ते सहसा जाणवत नाहीत. रात्रीच्या आकाशाचे ३० सेकंदांचे छायाचित्र घेतले, तर तोच कॅमेरा सदोष असल्यासारखा वाटू लागतो.

हा सिलिकॉनचा स्वाभाविक गुणधर्म आहे. तो कोणत्याही एका कंपनीचा दोष नव्हे. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर उपाययोजनाही असते. दीर्घकाळ शटर उघडे ठेवून छायाचित्र घेतल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून आणखी एक 'अंधारचित्र' घेतो आणि ते मूळ चित्रातून वजा करतो. ३० सेकंदांच्या छायाचित्रानंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद व्यग्र दिसतो, तो यामुळे. मात्र या वजाबाकीने कायम ठिकाणी उमटणारे ठिपके जातात. उष्णतेमुळे निर्माण होणारा अनियमित दाणेदारपणा पूर्णपणे जात नाही.

खगोलशास्त्रज्ञांना हा दाणेदारपणाही परवडत नाही. त्यामुळे दुर्बिणींवरील संवेदक मुद्दाम थंड ठेवले जातात. अनेक वेधशाळांत त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनचा वापर केला जातो. हबल अंतराळ दुर्बिणीवरील प्रमुख कॅमेऱ्यांचे सीसीडी संवेदक शून्याखाली सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाला चालविले जातात. खिशात मावणाऱ्या किंवा हातात धरावयाच्या कॅमेऱ्याला ही सोय उपलब्ध नसते. त्याला स्वतःची उष्णता स्वतःच्या आवरणातूनच बाहेर टाकावी लागते.

दुसरा प्रकार: चित्रीकरण थांबणे

जुन्या एसएलआर रचनेच्या डिजिटल कॅमेऱ्यात छायाचित्रकार आरशातून दृश्य पाहत असे आणि संवेदक केवळ शटर उघडण्यापुरता काम करीत असे. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ईओएस ५डी मार्क २ या कॅमेऱ्यांत चलच्चित्रणाची सोय आली आणि संवेदक अनेक मिनिटे अखंड चालू राहू लागला. पुढे आरसाविरहित, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांत दृश्य पाहण्यासाठीही संवेदक सतत चालू ठेवणे अपरिहार्य ठरले.

याचे एक प्रारंभीचे उदाहरण सोनीच्या अल्फा ५५ या २०१० मधील कॅमेऱ्याचे आहे. या कॅमेऱ्यात हाताची थरथर भरून काढण्यासाठी संवेदकच किंचित हलविला जात असे. ही स्थिरीकरणाची सोय चालू ठेवल्यास सामान्य तापमानालाही चित्रीकरण दहा मिनिटांच्या आत थांबण्याची शक्यता होती. ती बंद ठेवल्यास जवळपास अर्धा तास चित्रीकरण करता येत असे. हलता संवेदक धातूच्या सांगाड्याला घट्ट जोडता येत नाही. त्यामुळे त्याची उष्णता बाहेर नेण्याचा मार्ग अरुंद होतो, ही या रचनेची मूळ अडचण आहे.

ईओएस आर५ च्या बाबतीत प्रश्न माहितीच्या प्रचंड वेगाचा होता. पूर्ण एचडी चित्रात सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ३० चित्रे धरल्यास कॅमेऱ्याला दर सेकंदास सुमारे सव्वासहा कोटी पिक्सेलांची नोंद करावी लागते. आर५ च्या ८के चित्रणात एका चित्रात ८,१९२ गुणिले ४,३२० म्हणजे सुमारे ३ कोटी ५४ लाख पिक्सेल असतात. तेवढ्याच वेगाने ही संख्या दर सेकंदास सुमारे १०६ कोटींवर जाते. म्हणजे काम सतरापट होते. ते करताना संवेदक, प्रक्रिया करणारी चिप आणि माहिती साठविणारे कार्ड ही तिन्ही तापतात.

कॅननने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २३ अंश सेल्सिअस तापमानाला या कॅमेऱ्यात ८के चित्रण सुमारे २० मिनिटे करता येत होते. त्यानंतर १० मिनिटे थांबल्यास पुन्हा केवळ तीनएक मिनिटांचे चित्रण शक्य होत असे. कॅमेरा लहान, हलका आणि धूळ व पाण्यापासून सुरक्षित राहावा यासाठी त्यात पंखा बसविला नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले. ही मर्यादा प्रत्यक्ष तापमानावर ठरते की मुख्यतः वेळेच्या हिशेबावर, अशी शंका काही वापरकर्त्यांनी उपस्थित केली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या फर्मवेअरच्या १.१.० या आवृत्तीत तापमान ओळखण्याच्या व चित्रणाचा कालावधी ठरविण्याच्या पद्धतीत सुधारणा केल्याचे कंपनीने नमूद केले.

पुढील वाटचालीतून या प्रकाराचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कॅननने जानेवारी २०२२ मध्ये ईओएस आर५ सी हा पंखा बसविलेला कॅमेरा जाहीर केला. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ईओएस आर५ मार्क २ सोबत पंखा असलेली स्वतंत्र मूठ उपलब्ध करून देण्यात आली. पॅनासोनिकने तर २०१९ मधील एस१एच या कॅमेऱ्यातच पंखा दिला होता. आकार, वजन, जलरोधकता आणि चित्रणाचा कालावधी यांपैकी कशाला प्राधान्य द्यावयाचे, हा निर्मात्याचा निर्णय असतो. तो निर्णय ग्राहकाला खरेदीपूर्वी कळणे एवढीच अपेक्षा असते.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. पूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांत चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबत असे. त्याचा संबंध मुख्यत्वे युरोपीय संघाच्या सीमाशुल्क वर्गवारीशी होता. सलग ३० मिनिटे चित्रण करणाऱ्या उपकरणाची गणना व्हिडिओ कॅमेऱ्यात होऊन त्यावर अधिक शुल्क पडत असे. ठरावीक वेळी, कोणत्याही तापमानाला थांबणारे चित्रीकरण हे उष्णतेचे लक्षण मानता येत नाही.

तिसरा प्रकार: कायमचा बिघाड

२००५ मधील प्रकरण याहून गंभीर होते. सोनी ही त्या काळातील सीसीडी संवेदकांची प्रमुख उत्पादक कंपनी होती. तिचे संवेदक तिच्या स्वतःच्या सायबरशॉट कॅमेऱ्यांत आणि हँडीकॅममध्ये तर होतेच. शिवाय कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा, रिको आदी स्पर्धक कंपन्यांनाही ते पुरविले जात. साधारणपणे २००२ ते २००४ या काळातील काही संवेदकांत निर्मितीचा दोष राहून गेला होता.

संवेदकाची सिलिकॉन चकती एका आवरणात बसविलेली असते. चकतीच्या कडेपासून आवरणाच्या जोडबिंदूंपर्यंत केसाहूनही बारीक तारा जोडलेल्या असतात. तापमान आणि आर्द्रता जास्त असलेल्या ठिकाणी या तारांचे सांधे सुटत असल्याचे आढळले. सांधा सुटला की संवेदकाकडून येणारा संकेत तुटतो. मग चित्र जांभळट किंवा हिरवट दिसते, त्यात आडवे पट्टे उमटतात, आकृत्या वेड्यावाकड्या होतात किंवा पडदा पूर्ण काळा होतो.

हा दोष विकत घेताना दिसत नसे. कॅमेरा अनेक महिने व्यवस्थित चालून, प्रसंगी हमीची मुदत संपल्यानंतर, अचानक बंद पडे. त्यामुळे अनेकांनी तो आपल्याच हाताळणीचा परिणाम समजून स्वखर्चाने दुरुस्ती केली किंवा कॅमेरा टाकून दिला, तर त्यात नवल नव्हते. सर्व कंपन्यांचे संवेदक एकाच ठिकाणाहून आले होते, ही बाब घोषणेनंतरच सर्वसामान्य ग्राहकांच्या लक्षात आली. कंपन्यांनी हमीची मुदत संपलेली असली तरी मोफत दुरुस्ती देऊ केली. कॅननच्या पॉवरशॉट ए७० सारख्या लोकप्रिय मॉडेलांचा या यादीत समावेश होता. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने आपल्या आणखी काही मॉडेलांसाठी अशीच घोषणा केली. दरम्यान कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरा व्यवसायातूनच माघार घेतली आणि तिच्या डिजिटल एसएलआर विभागाची मालमत्ता सोनीकडे गेली. कॅमेऱ्यावरील नाव आणि आतील महत्त्वाचा भाग यांचे निर्माते वेगळे असू शकतात, हा या प्रकरणाचा बोध आजही लागू आहे.

भारतीय उन्हाळा आणि माहितीपत्रकातील आकडे

अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्क्यांपर्यंत असे नमूद केलेले असते. चित्रणाचा कालावधी मात्र बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीतील चाचणीवर आधारलेला असतो. भारतातील मोठ्या भूभागासाठी हे दोन्ही आकडे अपुरे ठरतात. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली. विदर्भातील नागपूर व चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. मुंबई, गोवा, चेन्नई किंवा कोलकाता येथे पारा तुलनेने खाली असतो, परंतु आर्द्रता पावसाळ्यात वरचेवर ८५ टक्क्यांच्या पुढे जाते.

लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि मंडपातील चित्रीकरण तासन्‌तास चालते. या व्यवसायावर उपजीविका असलेल्यांसाठी २३ अंशांवरील २० मिनिटे ४३ अंशांवर किती उरतील, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. मंगलाष्टके पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत. त्यामुळे नवा कॅमेरा घेताना निर्मात्याने तापमानानुसार चित्रणाचा कालावधी दिलेला आहे काय, हे पाहणे आणि कामाच्या पहिल्या दिवसापूर्वी तो दुपारच्या उन्हात तपासणे हिताचे ठरते.

तिन्ही प्रकार कसे ओळखावेत

पुढील निरीक्षणांवरून तक्रार कोणत्या प्रकारची आहे, याचा प्राथमिक अंदाज येतो.

भिंगावर झाकण लावून प्रथम एक साठांश सेकंदाचे आणि नंतर ३० सेकंदांचे छायाचित्र कमी आयएसओवर घ्यावे. ठिपके केवळ दुसऱ्या चित्रात असतील आणि कॅमेरा थंड झाल्यावर कमी होत असतील, तर तो पहिला प्रकार होय. पहिल्याच चित्रात ठळक ठिपके दिसत असतील, तर सेवा केंद्रात पिक्सेलांची नव्याने नोंद करून ते सहसा झाकता येतात. काही कॅमेऱ्यांत ही सोय मेनूमध्येच असते.

पडद्यावर तापमानाची सूचना दिसून चित्रीकरण थांबत असेल आणि कॅमेरा थंड झाल्यावर पूर्ववत चालत असेल, तर तो दुसरा प्रकार होय. अशा वेळी फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे काय, हे पाहावे.

पूर्वी घेतलेली छायाचित्रे पडद्यावर नीट दिसतात, परंतु नवे छायाचित्र काळे, जांभळट किंवा पट्ट्यांचे येते आणि कॅमेरा थंड झाल्यावरही फरक पडत नाही, तर तो तिसरा प्रकार असण्याची शक्यता आहे. जुनी छायाचित्रे कार्डावरून येत असल्याने ती नीट दिसणे म्हणजे पडदा ठीक असणे. बिघाड संवेदकात किंवा त्याच्या जोडणीत, क्वचित शटरमध्ये, असतो. अशा कॅमेऱ्यावर घरगुती प्रयोग करू नयेत.

घ्यावयाची दक्षता

उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये. चित्रीकरणाच्या विरामात कॅमेरा सावलीत ठेवून तो बंद करावा, कारण केवळ दृश्य पाहतानाही संवेदक तापत असतो. उघडमिट होणारा पडदा पाठीपासून दूर वळविल्यास आवरणाची उष्णता लवकर बाहेर पडते. गरज नसताना ८के किंवा अतिजलद चित्रण निवडू नये. काळ्या आवरणावर पांढरे कापड किंवा छत्री धरणे हा साधा उपायही उपयोगी पडतो. भिंग सूर्याकडे रोखून कॅमेरा तसाच ठेवू नये. एकवटलेल्या किरणांनी संवेदक जागच्या जागी भाजू शकतो.

वातानुकूलित खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून त्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, अन्यथा त्यावर व त्याच्या आत बाष्प जमते. पावसाळ्यात तो सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा.

ग्राहकाचा हक्क

पहिल्या प्रकारात कंपनीकडून भरपाईची अपेक्षा करता येत नाही. दुसऱ्या प्रकारात निर्मात्याने मर्यादा आधी सांगितली होती काय, यावर बरेच अवलंबून असते. जाहिरातीत ८के चित्रणाचा उल्लेख ठळकपणे करून त्याची कालमर्यादा दडवून ठेवली असेल, तर ग्राहकाला जाब विचारण्यास जागा आहे. तिसऱ्या प्रकारात निर्मितीचा दोष सिद्ध झाल्यास जबाबदारी निर्मात्याची असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला असून त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि सदोष उत्पादनामुळे होणारी हानी या दोन्हींसंबंधी तरतुदी आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळू शकते.

तक्रार करताना खरेदीची पावती, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, त्या वेळचे हवेचे तापमान, बिघाड किती मिनिटांनी झाला याची नोंद आणि मूळ चित्र असलेली फाइल सोबत ठेवावी. २००५ मध्ये ज्या दोषाला कंपन्यांनी मान्यता दिली, तो निरनिराळ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांत सारख्याच लक्षणांनी प्रकट झाला होता. एकट्या ग्राहकाला अपघात वाटणारी गोष्ट अशा नोंदी एकत्र आल्यावर उत्पादनदोष म्हणून सिद्ध होऊ शकते.